अर्जदार डू बॉइस

अर्ज या गोष्टीला आपल्या चरित्रवाङ्मयात फारशी प्रतिष्ठा नाही. चरित्रकार नायकाची भाषणे सांगतात, ग्रंथ सांगतात, तुरुंगवास सांगतात; पण कामासाठी लागणारा पैसा त्याने कोणाकडे मागितला, किती वेळा मागितला आणि नकार आल्यावर काय केले, हे बहुधा एका वाक्यात उरकतात. महर्षी कर्व्यांचे हिंगण्याच्या वर्गणीसाठीचे हेलपाटे आपल्याकडे कौतुकाने सांगितले जातात, पण तो अपवाद. वास्तविक एखादे मोठे काम उभे राहिले की अडून बसले याचे उत्तर पुष्कळदा जमाखर्चाच्या वहीत सापडते.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या न्यायासाठी सत्तरहून अधिक वर्षे लेखणी झिजवणारे डॉ. डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांचे चरित्र या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. विद्वान, संपादक, चळवळीचे नेते म्हणून ते जगाला माहीत आहेत. त्याच बरोबरीने ते आयुष्यभर अर्जदार होते. विशीत त्यांनी शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला, सत्तरीत ज्ञानकोशासाठी केला. त्यांचे अर्ज कधी मंजूर झाले, अधिक वेळा नामंजूर झाले. आणि ते का नामंजूर झाले हे पाहू लागलो की अमेरिकेतील वर्णभेदाची एक निराळीच बाजू दिसते. ही बाजू चाबूक उगारणाऱ्यांची नव्हे, मदतीचा हात पुढे करणाऱ्यांची आहे.

विल्यम एडवर्ड बर्गहार्ट डू बॉइस यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८६८ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील ग्रेट बॅरिंग्टन या लहानशा गावी झाला. यादवी युद्ध संपून तीन वर्षे झाली होती, आणि सुमारे ४० लाख गुलाम कायद्याने मुक्त झाले होते. वडील लवकरच घर सोडून गेले. आई मोलमजुरी करी. मुलगा शाळेत हुशार निघाला. त्याला हार्वर्डला जायचे होते. बोस्टनचे ते विद्यापीठ त्याच्या गावापासून फार दूर नव्हते. १८८५ मध्ये आई वारली. त्याच सुमारास गावातल्या व आसपासच्या मंडळींनी या पोराच्या शिक्षणाचा भार उचलायचे ठरवले. चार चर्चनी मिळून वर्षाला १०० डॉलर द्यावेत असे ठरले, पण हार्वर्डसाठी नव्हे. मुलाने दक्षिणेत, टेनेसी राज्यातील फिस्क या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात जावे, कारण पुढे त्याला आपल्या लोकांतच काम करायचे आहे, असे देणाऱ्यांचे मत पडले. देणारे सज्जन होते आणि त्यांच्या हेतूत खोट नव्हती. विल्यमलाही फिस्कमध्ये आपल्या लोकांची पहिली खरी ओळख झाली आणि त्याने त्याचे सोने केले. तरीसुद्धा एक गोष्ट येथेच लक्षात ठेवावी: मुलाने कुठे शिकायचे हे पैसे देणाऱ्यांनी ठरवले.

फिस्कची पदवी घेऊन ते १८८८ मध्ये हार्वर्डला पोहोचलेच. तेथे १८९० मध्ये पुन्हा बी. ए. झाले, पुढच्या वर्षी एम. ए. झाले. आता त्यांना जर्मनीला जायचे होते. त्या काळी समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि इतिहास यांची काशी म्हणजे बर्लिन.

येथे थोडे विषयांतर करून एका निधीची माहिती देणे अवश्य आहे. यादवी युद्धानंतर उत्तरेतील धनिकांनी मुक्त गुलामांच्या शिक्षणासाठी निरनिराळे निधी स्थापले. कनेक्टिकटमधील कापडगिरण्यांचे मालक जॉन स्लेटर यांनी १८८२ मध्ये १० लाख डॉलर देऊन असाच एक निधी उभा केला. (गिरण्यांत कापूस कोठून येत असे, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.) या निधीचे अध्यक्ष होते रुदरफोर्ड हेज. हे गृहस्थ १८७७ ते १८८१ अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होते, आणि त्यांच्याच कारकिर्दीच्या आरंभी दक्षिणेतील राज्यांतून केंद्राच्या सैन्याचे संरक्षण निघून गेले. त्यानंतर त्या राज्यांतील कृष्णवर्णीयांचा मताचा हक्क हळूहळू हिरावून घेतला गेला. स्लेटर निधीचा पैसा मुख्यतः सुतारकी, लोहारकी अशा हस्तव्यवसायांच्या शिक्षणावर खर्च होई.

१८९० च्या अखेरीस हेज यांच्या एका भाषणाचा वृत्तान्त बोस्टनच्या वर्तमानपत्रात आला. त्याचा आशय असा की, उच्च शिक्षणासाठी युरोपात पाठवण्याजोगा कृष्णवर्णीय तरुण सापडला तर निधी त्याचा खर्च करील; पण आजवर वक्तृत्वापलीकडे गुण असलेला कोणी आढळला नाही. हे वाचून बावीस वर्षांच्या डू बॉइसनी लगेच अर्ज पाठवला. सोबत हार्वर्डच्या प्राध्यापकांची शिफारसपत्रे जोडली. काही महिन्यांनी उत्तर आले की तशी काही योजना आता राहिलेली नाही.

शिष्यवृत्तीचा अर्ज नाकारला गेला तर आपण काय करतो? चार दिवस हळहळतो आणि गप्प बसतो. डू बॉइसनी मे १८९१ मध्ये माजी राष्ट्राध्यक्षांना एक खरमरीत पत्र लिहिले. आपल्याला पैसे मिळाले नाहीत ही तक्रार त्यात नव्हतीच. त्यांचे म्हणणे असे होते की, लायक माणूस सापडत नाही हे वाक्य देशभर छापून आले. लायक माणसाने अर्ज करताच योजनाच रद्द झाल्याचे कळवण्यात आले, पण हे दुसरे वाक्य मात्र कोठे छापून आले नाही. तेव्हा अध्यक्षांनी माफी मागायची ती माझी नव्हे, माझ्या समाजाची मागावी. अर्जदाराने दात्याला असे लिहिण्याचे उदाहरण विरळा. आश्चर्य असे की हेज यांनी ते मनावर घेतले. पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा अर्ज केला आणि १८९२ मध्ये निधीने त्यांना ७५० डॉलर मंजूर केले; अर्धे देणगी म्हणून, अर्धे कर्जाऊ. हेज यांची भेट घेऊन बाहेर पडल्यावर त्या आनंदात त्यांनी ३ डॉलरचा एक सदरा विकत घेतला. एरवी ते सदऱ्याला जेवढे पैसे देत त्याच्या जवळजवळ चौपट ही किंमत होती. इतक्या करड्या माणसाच्या चरित्रात हा सदरा वाचून बरे वाटते.

बर्लिनमध्ये त्यांनी श्मोलर, वाग्नर, ट्राइट्श्के अशा दिग्गजांच्या हाताखाली अभ्यास केला. रस्त्यात, खाणावळीत, घरांत प्रथमच त्यांना माणसासारखे वागवले गेले. दुसऱ्या वर्षीही निधीने पैसे दिले. बर्लिनची डॉक्टरेट मिळण्यास विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे आणखी एका सत्राची हजेरी हवी होती. प्राध्यापकांची अनुकूलता होती. पण तोवर हेज वारले होते, आणि निधीच्या विश्वस्तांनी तिसऱ्या वर्षाचा अर्ज फेटाळला. आता त्यांनी परत येऊन आपल्या लोकांच्या उपयोगी पडावे अशी त्यांची अपेक्षा होती. थोडक्यासाठी पदवी हुकली. १८९४ च्या उन्हाळ्यात डू बॉइस बोटीच्या सर्वांत खालच्या वर्गाने मायदेशी परतले.

मराठी वाचकाला येथे दुसरी एक कथा आठवणे अपरिहार्य आहे. १९१३ मध्ये बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथून १९१६ मध्ये लंडनला आले. मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले, आणि करारानुसार बडोद्यात नोकरीला गेल्यावर राहायला जागासुद्धा मिळाली नाही. १९२० मध्ये स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि एका पारशी मित्राचे कर्ज यांच्या बळावर ते पुन्हा लंडनला गेले आणि राहिलेले काम त्यांनी पुरे केले. डू बॉइसना शाहू महाराज भेटले नाहीत. १८९५ मध्ये हार्वर्डने त्यांना डॉक्टरेट दिली आणि ती मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय ठरले. परंतु बर्लिनची ती पदवी राहिली ती राहिलीच.

परत आल्यावर त्यांनी नोकरीसाठी अर्ज केले. पहिली स्वीकारली ती ओहायोतील विल्बरफोर्सची. ती स्वीकारल्यावर काही दिवसांतच दक्षिणेतील टस्कीगी येथून तारेने बोलावणे आले. टस्कीगीचे संस्थापक बुकर टी. वॉशिंग्टन. ती तार आठवडाभर आधी आली असती तर अमेरिकेचा इतिहास किती बदलला असता, असा खेळ पुष्कळ लेखकांनी खेळला आहे. आपण त्यात पडू नये.

१८९६ मध्ये पेनसिल्व्हानिया विद्यापीठाने त्यांना फिलाडेल्फिया शहरातील कृष्णवर्णीयांच्या पाहणीचे काम दिले. शहरातील सुधारक मंडळींचा समज असा होता की नगराच्या कारभाराचा बिघाड या वस्तीमुळे होतो. त्याला शास्त्राचा शिक्का हवा होता. पद सहायक शिक्षकाचे होते, पण वर्ग दिला नाही. नवपरिणीत पत्नी नीना हिच्यासह त्यांनी सातव्या वॉर्डातच बिऱ्हाड थाटले आणि प्रश्नपत्रिका घेऊन ते स्वतः दारोदार हिंडले. सुमारे अडीच हजार कुटुंबांत ते गेले. १८९९ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ अमेरिकन समाजशास्त्रातील पहिल्या मोठ्या पाहण्यांपैकी एक मानला जातो. त्यातून निघालेला निष्कर्ष मात्र काम सोपवणाऱ्यांना अभिप्रेत नव्हता. दारिद्र्य आणि गुन्हे यांचे मूळ रक्तात नसून गुलामगिरीच्या वारशात, बंद असलेल्या नोकऱ्यांत आणि भरमसाट घरभाड्यात आहे, हे त्यांनी आकडे मांडून दाखवले.

१८९७ ते १९१० हा काळ अटलांटा विद्यापीठातला. डू बॉइसच्या अर्जदारीची खरी कसोटी येथे लागली. त्यांनी एक अवाढव्य योजना आखली. कृष्णवर्णीय समाजाच्या जीवनाचे दहा विषय घ्यायचे, दर वर्षी एकाचा अभ्यास करायचा, दहा वर्षांनी पुन्हा पहिल्या विषयाकडे यायचे, आणि असे शंभर वर्षे चालवायचे. आरोग्य, धंदे, शाळा, चर्च, गुन्हे, कुटुंब असे एकेक अहवाल निघू लागले. खर्च वर्षाला सुमारे ५ हजार डॉलर, तोही पगार, छपाई सगळे धरून. शंभर वर्षांच्या शास्त्रासाठी ही रक्कम काहीच नव्हे. त्यांनी श्रीमंतांना, निधींना, संशोधन संस्थांना पत्रांमागून पत्रे लिहिली.

पैसा नव्हता असे नाही. १९०२ मध्ये रॉकफेलर यांनी १० लाख डॉलरची पहिली देणगी देऊन जनरल एज्युकेशन बोर्ड सुरू केले. १९०३ मध्ये पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनी एकट्या टस्कीगीला ६ लाख डॉलर दिले. पण दक्षिणेतील कोणत्या संस्थेला किती द्यावे हे विचारायला धनिक बुकर वॉशिंग्टन यांच्याकडे जात. वॉशिंग्टन स्वतः गुलाम म्हणून जन्मलेले, कष्टाने वर आलेले, कर्तबगार गृहस्थ. हाताला कसब शिकवा, पैसा मिळवा, मताचा आणि बरोबरीचा आग्रह तूर्त बाजूला ठेवा, असे त्यांनी १८९५ मध्ये अटलांटाच्या प्रदर्शनातील भाषणात सुचवले, आणि उत्तर व दक्षिण दोन्हीकडील गोऱ्यांनी त्यांना डोक्यावर घेतले. आपण त्यांच्यावर अन्याय करू नये. विटा भाजण्यापासून त्यांनी एक संस्था उभारली. त्यांच्या शब्दाने हजारो मुले शिकली. आणि हक्कांच्या खटल्यांना ते गुपचूप पैसेही पुरवीत हे पुढे उघड झाले. पण एकाच माणसाच्या शिफारशीवर एका संपूर्ण समाजाच्या शिक्षणाचा पैसा फिरू लागला की काय होते, ते अटलांटाने पाहिले. १९०३ मध्ये डू बॉइसनी आपल्या प्रसिद्ध निबंधसंग्रहात वॉशिंग्टन यांच्या धोरणावर सभ्य पण रोखठोक टीका केली. त्यानंतर अटलांटा विद्यापीठाच्या देणग्या आटू लागल्या. डू बॉइसच्या उपस्थितीमुळे संस्थेचे नुकसान होत आहे हे कोणी मोठ्याने बोलले नाही. त्यांना ते कळत होते.

त्याच काळात दोन घटना घडल्या आणि शास्त्रावरच्या त्यांच्या भाबड्या विश्वासाला तडा गेला. एप्रिल १८९९ मध्ये जॉर्जियात सॅम होज नावाच्या शेतमजुराला जमावाने जाळून मारले. त्याच्या बाजूने वर्तमानपत्राला एक संयमित निवेदन द्यावे म्हणून डू बॉइस निघाले होते. वाटेतच त्यांना कळले की त्याच्या बोटांची हाडे पुढच्या एका दुकानात मांडून ठेवली आहेत. ते माघारी फिरले. त्याच वर्षी त्यांचा लहानगा मुलगा घटसर्पाने गेला. माणसे जाळली जात असताना आपण थंड डोक्याने तक्ते कसे भरायचे, हा प्रश्न त्यांना त्यानंतर सोडून गेला नाही.

सरकारी पैशाचाही अनुभव त्यांनी घेतला. १९०६ मध्ये केंद्र सरकारच्या कामगार खात्याच्या खर्चाने त्यांनी अलाबामातील लाउंड्स परगण्याची पाहणी केली. हजारो कुटुंबे, जमिनीचे व्यवहार, कर्जे, खंडाची शेती या सर्वांची नोंद केली. त्यांच्या मते हा त्यांचा उत्तम अभ्यास होता. खात्याने तो छापला नाही. त्यात राजकीय बाबींना हात घातला आहे असे कारण सांगण्यात आले. पुढे डू बॉइसनी हस्तलिखित परत मागितले तेव्हा ते नष्ट केल्याचे समजले. दुसरी प्रत नव्हती.

अभ्यासाला पैसा मिळेना, तेव्हा मासिकासाठी मागू लागले. १९०५ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कचे सावकार जेकब शिफ यांना एका दर्जेदार नियतकालिकाची योजना पाठवली. सहानुभूतीचे उत्तर आले, पैसे आले नाहीत. त्याच वर्षी २९ जण नायगारा धबधब्याजवळ जमले आणि हक्कांची मागणी करणारी एक चळवळ सुरू झाली. तीही पैशावाचून काही वर्षांत विझली. दोन छोटी नियतकालिके त्यांनी मित्रांच्या व स्वतःच्या खिशातून चालवली आणि बंद केली.

१९१० मध्ये ते अटलांटा सोडून न्यूयॉर्कला आले. वर्षभरापूर्वी गोऱ्या व काळ्या सुधारकांनी मिळून स्थापन केलेल्या राष्ट्रीय संघटनेचे, एन. ए. ए. सी. पी. चे, ते प्रकाशन व संशोधनाचे संचालक झाले. संघटनेजवळही पैसा बेताचाच. नोव्हेंबरमध्ये त्यांनी ‘क्रायसिस’ या मासिकाचा पहिला अंक काढला. प्रती १ हजार, किंमत १० सेंट, वार्षिक वर्गणी १ डॉलर.

माझ्या मते डू बॉइसच्या आयुष्यातला हा सर्वांत महत्त्वाचा आर्थिक निर्णय. कारण येथे दाता बदलला. रेल्वेतले हमाल, शिक्षिका, मोलकरणी, पाद्री, दुकानदार यांनी १०-१० सेंट दिले. अंकात दर महिन्याला जमावाने केलेल्या हत्यांची यादी येई, पदवीधर झालेल्या कृष्णवर्णीय मुलामुलींची छायाचित्रे येत, कविता येत, गोंडस बाळांचे फोटोही येत. १९१६ च्या सुमारास मासिक स्वतःच्या पायावर उभे राहिले आणि संपादकाचा पगारही त्यातूनच निघू लागला. १९१९ मध्ये खप १ लाखावर गेला. ज्या माणसाला ५ हजार डॉलरसाठी शंभर पत्रे लिहावी लागत, तो आता कोणाचीही पत्रास न ठेवता लिहू लागला. १९१७ मध्ये फेल्प्स-स्टोक्स निधीने कृष्णवर्णीयांच्या शाळा-महाविद्यालयांवर दोन खंडांचा अहवाल काढला. त्याचा रोख उच्च शिक्षणाऐवजी हस्तव्यवसायाकडे होता. ‘क्रायसिस’ने त्या अहवालाची चिरफाड केली. अर्जदाराने निधीचेच परीक्षण करावे, ही गोष्ट ग्राहकांच्या १० सेंटांमुळे शक्य झाली.

मंदीच्या वर्षांत हा आधार खचला. वाचकांच्याच खिशात पैसे नव्हते. खप घसरला, मासिक संघटनेच्या मदतीवर आले, आणि संघटनेचे कार्यकारी मंडळ मजकुरात लक्ष घालू लागले. कृष्णवर्णीयांनी काही काळ आपल्या स्वतंत्र सहकारी संस्था बळकट कराव्यात असे डू बॉइस लिहू लागताच मतभेद विकोपाला गेले. १९३४ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि छासष्टाव्या वर्षी पुन्हा अटलांटा विद्यापीठात प्राध्यापक झाले.

निधींनी त्यांना कधीच दिले नाही असे म्हटले तर ते खोटे होईल. यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेच्या काळावरील त्यांचा मोठा ग्रंथ १९३५ मध्ये निघाला. दक्षिणेतील त्या बारा वर्षांच्या राज्यकारभाराला इतिहासकार अनागोंदी म्हणत. डू बॉइसनी तो लोकशाहीचा प्रयोग होता असे दाखवले. हा ग्रंथ लिहिण्यासाठी रोझेनवाल्ड निधीने त्यांना अनुदान दिले होते, कार्नेगी कॉर्पोरेशननेही थोडी भर घातली होती. एकट्याने लिहायच्या पुस्तकाला पैसे मिळाले. पण कृष्णवर्णीय विद्वानांच्या हाती एखादी कायमची संस्था, एखादा प्रमाणग्रंथ सोपवायची वेळ आली की हात आखडता होई. ज्ञानकोशाची कथा हेच सांगते.

आफ्रिकी वंशाच्या लोकांचा एक ज्ञानकोश व्हावा हे स्वप्न डू बॉइसना १९०९ मध्ये पडले होते. तेव्हा त्यांनी देशोदेशीच्या पंडितांना पत्रे लिहिली, पण पुढे काही घडले नाही. (केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी भागभांडवल उभे करताना किती खस्ता खाल्ल्या हे आपण जाणतो. ज्ञानकोश हा विद्वत्तेइतकाच भांडवलाचा प्रकार आहे.) नोव्हेंबर १९३१ मध्ये फेल्प्स-स्टोक्स निधीने अशाच ज्ञानकोशाचा विचार करण्यासाठी एक बैठक बोलावली. या विषयातले दोन सर्वांत मोठे कृष्णवर्णीय अभ्यासक म्हणजे डू बॉइस आणि इतिहासकार कार्टर वुडसन. दोघांनाही आमंत्रण नव्हते. बैठकीला गेलेल्या काहींनी हरकत घेतल्यावर पुढच्या बैठकीची आमंत्रणे आली. वुडसन यांनी ते धुडकावले. डू बॉइस मात्र गेले. स्वाभिमानाच्या बाबतीत ते वुडसनहून तसूभरही कमी नव्हते. पण काम होणे त्यांना मानापेक्षा अधिक वाटले असावे. लवकरच तेच प्रमुख संपादक नेमले गेले. ज्या निधीच्या अहवालावर त्यांनी झोड उठवली होती त्याचे अध्यक्ष अँसन फेल्प्स स्टोक्स आता त्यांच्या बाजूने इतर निधींकडे शब्द टाकू लागले. हेही नोंदवले पाहिजे.

खर्चाचा अंदाज २ लाख डॉलरहून अधिक होता. डू बॉइसनी विषयांची यादी केली, शेकडो विद्वानांची अनुमती मिळवली, गोऱ्या अभ्यासकांनाही सल्लागार म्हणून घेतले. फेल्प्स-स्टोक्स निधी काही भाग उचलणार होता. बाकीची भिस्त रॉकफेलरांच्या जनरल एज्युकेशन बोर्डावर आणि कार्नेगी कॉर्पोरेशनवर. बोर्डाच्या अधिकाऱ्यांशी बोलणी चांगली झाली. निर्णयाच्या दिवशी डू बॉइस आणि त्यांचे सहकारी इतिहासकार रेफर्ड लोगन कार्यालयात टेलिफोनपाशी बसून राहिले. शँपेनची बाटली थंड करून ठेवली होती. लोगन यांनी ही आठवण उतारवयात सांगितली. टेलिफोन वाजलाच नाही.

नकारामागे अनेक कारणे होती. मेल्व्हिल हर्स्कोविट्झ यांच्यासारख्या गोऱ्या मानववंशशास्त्रज्ञांनी योजनेविरुद्ध मत दिले होते. मुख्य आक्षेप असा की डू बॉइस हे पक्षपाती आहेत, प्रचारक आहेत. त्यांच्याकडून तटस्थ ग्रंथ होईल कसा? हार्वर्डचे पहिले कृष्णवर्णीय डॉक्टर, फिलाडेल्फियाच्या गल्ल्यांत अडीच हजार दारे ठोठावणारा माणूस, त्याची तटस्थता शंकास्पद ठरली, कारण ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांतलाच तो एक होता. गोऱ्या विद्वानांना हा प्रश्न कोणी विचारला नाही.

त्याच सुमारास कार्नेगी कॉर्पोरेशनने वर्णप्रश्नावर एक भव्य अभ्यास करायचे ठरवले. त्यासाठी माणूस शोधला तो स्वीडनमधला. अर्थतज्ज्ञ गुन्नार मिर्डाल हे या प्रश्नावर कधी काही लिहिलेले नव्हते, आणि हीच त्यांची पात्रता मानली गेली. १९३८ मध्ये ते अमेरिकेत आले. सुमारे ३ लाख डॉलर खर्च झाले. अनेक कृष्णवर्णीय संशोधकांनी त्यांच्या हाताखाली टिपणे तयार केली, आणि १९४४ मध्ये दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो मोठाच ग्रंथ आहे. १९५४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला तेव्हा निकालाच्या तळटीपेत त्याचा उल्लेख केला. डू बॉइसनी त्याचे मोकळ्या मनाने स्वागत केले. परीक्षण लिहिताना त्यांच्या मनात काय आले असेल याची कल्पना ज्याने त्याने करावी. त्यांच्या स्वतःच्या ज्ञानकोशाचा १९४५ मध्ये एक तयारीचा खंड तेवढा निघाला. त्यात नोंदी नव्हत्या. विषयांची सूची आणि संदर्भांची यादी होती. घर बांधायला पैसे न मिळाल्याने नकाशाच छापावा तसा तो प्रकार.

पुढची वर्षे धावती सांगतो. १९४४ मध्ये अटलांटाने त्यांना सक्तीने निवृत्त केले. ते पुन्हा जुन्या संघटनेत गेले आणि १९४७ मध्ये कृष्णवर्णीयांची कैफियत संयुक्त राष्ट्रांपुढे ठेवली. त्याआधी जुलै १९४६ मध्ये मुंबईहून त्यांना डॉ. आंबेडकरांचे पत्र आले होते. नॅशनल निग्रो काँग्रेस या संस्थेने संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचे बाबासाहेबांनी वाचले होते. अस्पृश्यांनीही तसे करावे असा त्यांचा विचार होता, म्हणून त्यांनी त्या अर्जाच्या दोन-तीन प्रती मागितल्या. महिनाअखेरीस डू बॉइसनी उत्तर पाठवले. त्यांना बाबासाहेबांचे नाव ठाऊक होते आणि अस्पृश्यांच्या प्रश्नाविषयी सहानुभूती होती. दोन विद्वान, दोन खंड, आणि देवघेव कशाची, तर एका अर्जाच्या नमुन्याची! १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला होता. त्या मुक्तीचे पुढे काय झाले, ते या पत्रव्यवहारावरून कळते.

१९५१ मध्ये त्र्याऐंशीव्या वर्षी, शांततेसाठी सह्या गोळा करणाऱ्या संस्थेचे प्रमुख म्हणून, परकीय हस्तक असल्याच्या आरोपावरून त्यांच्यावर खटला भरण्यात आला. हातात बेड्या पडल्या. मोठमोठ्या संस्था आणि प्रतिष्ठित मित्र दूर राहिले. खटल्याचा ३० हजार डॉलरहून अधिक खर्च कामगार संघटना, सामान्य माणसे आणि परदेशचे हितचिंतक यांच्या लहान लहान देणग्यांतून जमवावा लागला. त्यासाठी या वृद्ध माणसाने पत्नी शर्ली ग्रॅहम यांच्यासह देशभर सभा घेतल्या. नीना वारल्यानंतर त्यांनी हे दुसरे लग्न केले होते. न्यायाधीशांनी आरोपात तथ्य नसल्याचे सांगून त्यांना सोडले. तरी १९५८ पर्यंत पारपत्र मिळाले नाही.

ज्ञानकोशाचा अर्ज अखेर एकदा न मागता मंजूर झाला. घानाचे अध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांनी त्यांना अक्राला येऊन आफ्रिकेचा ज्ञानकोश सरकारी खर्चाने सिद्ध करण्याचे निमंत्रण दिले. ऑक्टोबर १९६१ मध्ये, कम्युनिस्ट पक्षाचे सभासदत्व घेऊन, त्र्याण्णव वर्षांचे डू बॉइस विमानात बसले. अक्रात त्यांना घर मिळाले, कचेरी मिळाली, मदतनीस मिळाले. राहिला नव्हता तो वेळ. कामाची आखणी झाली, काही पत्रके निघाली. १९६३ मध्ये त्यांनी घानाचे नागरिकत्व घेतले, आणि त्याच वर्षी २७ ऑगस्टला ते वारले. दुसऱ्या दिवशी वॉशिंग्टनमध्ये हक्कांच्या मोर्चासाठी दोन लाखांवर माणसे जमली होती. त्यांना ही बातमी व्यासपीठावरून सांगण्यात आली.

घानाच्या कचेरीने पुढे आफ्रिकी चरित्रकोशाचे काही खंड काढले. १९९९ मध्ये क्वामे अँथनी अपिया आणि हेन्री लुई गेट्स या दोन प्राध्यापकांनी आफ्रिकी लोकांचा एक सलग ज्ञानकोश अमेरिकेत प्रसिद्ध केला. तो डू बॉइसच्याच कल्पनेचा वारसा सांगतो. संगणकाच्या तबकडीवर त्याची आवृत्ती काढण्यात मायक्रोसॉफ्ट ही कंपनी होती.

डू बॉइस आपल्या प्रत्येक पत्राची नक्कल जपून ठेवीत. ते सारे कागद आज मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अॅमहर्स्ट येथील ग्रंथालयात आहेत, आणि त्या ग्रंथालयाला त्यांचेच नाव आहे. बाबासाहेबांचे पत्रही तेथेच जपलेले आहे.